रेशनची उत्पन्न मर्यादा बदलून घ्यायची, तर मागणी मंत्रालयापर्यंत कशी न्यावी?

केशरी कार्ड आहे, पण धान्य नाही. दुकानदार म्हणतो, कार्डावर प्राधान्याचा, म्हणजे स्वस्त धान्याला पात्र असल्याचा, शिक्का नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलात तर सांगतात, तुमचे उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे. बहुतेक घरे इथेच हात टेकतात. पण ती मर्यादा तहसीलदाराने ठरवलेली नाही, त्यामुळे तिथे भांडून ती हलणार नाही. ती राज्य सरकारची आहे, आणि तिथपर्यंत जायचा रस्ता सामान्य माणसालाही खुला आहे.

निर्णय कोणाचा, ते आधी पक्के करा

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात महाराष्ट्रातल्या किती लोकांना धान्य मिळेल, ती संख्या केंद्राने 2011 च्या जनगणनेवरून ठरवली. ती सुमारे 7 कोटी आहे. त्या 7 कोटींत कोण बसणार, याचे निकष राज्य ठरवते. डिसेंबर 2013 च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44 हजार आणि शहरात 59 हजार रुपये धरली. तहसील किंवा शिधावाटप कार्यालयाकडे उरते ते यादीत नाव घालणे नि काढणे.

राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या भागात अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग निवडा. मूळ निर्णय आणि त्यानंतरचे सगळे बदल डाउनलोड करून वाचा. क्रमांक आणि तारीख नसलेले निवेदन नुसतेच फिरत राहते.

आकडा असा मांडा की उत्तर द्यावेच लागेल

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. पाच जणांच्या घरातल्या एकाने वर्षभरात 142 दिवस काम केले की 44,304 रुपये होतात. म्हणजे पाच महिनेसुद्धा धड काम मिळालेले नाही, तरी ते कुटुंब ग्रामीण मर्यादेबाहेर! सरकारी दर आणि सरकारी मर्यादा अशा शेजारी ठेवल्या की दुसऱ्या युक्तिवादाची फारशी गरज उरत नाही.

अधिकारी मात्र हमखास म्हणतील, ‘इष्टांक पूर्ण झाला आहे.’ इष्टांक म्हणजे तुमच्या तालुक्याच्या वाट्याला आलेली लाभार्थ्यांची संख्या. या उत्तराला तोंड देण्याची तयारी माहिती अधिकारातून करा. तालुक्याचा इष्टांक किती, त्यातली किती नावे भरली, गेल्या दोन वर्षांत मृत्यू, स्थलांतर किंवा दुबार नोंदीमुळे किती कमी झाली आणि किती अर्ज प्रलंबित आहेत, एवढेच विचारा. अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, महाराष्ट्राच्या नियमात तसे आहे. 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा; दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. उत्तराची मुदत 30 दिवस.

त्याच्या जोडीला वस्तीतल्या वीस-पंचवीस कुटुंबांची माहिती गोळा करा: घरात माणसे किती, कमावते किती, काम कोणते, शिक्का का नाकारला. आधार क्रमांक कुठेही जोडू नका. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती.

ठराव आणि निवेदन

गावात असाल तर हा विषय ग्रामसभेत घ्या आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. एकट्याच्या अर्जापेक्षा तिचे वजन कितीतरी जास्त.

निवेदन एका पानाचे पुरे. वर विषय, मग शासन निर्णयाचा संदर्भ, मजुरीचे गणित आणि शेवटी नेमकी मागणी. ‘गरिबांना न्याय द्या’ असे लिहून काही होत नाही. मर्यादा किती करावी, कशाच्या आधारे, आणि ती दरवर्षी महागाईप्रमाणे वाढावी का, ते लिहा. विभागाचे मंत्री आणि सचिव दोघांना द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महाराष्ट्रात दफ्तर दिरंगाईविरुद्ध 2005 चा कायदा आहे. एका टेबलावर फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडकून राहता कामा नये. पाठपुराव्याच्या पत्रात या कायद्याचा उल्लेख जरूर करा.

आमदारांकडे वेळेआधी जा

अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, कित्येक दिवस आधी द्यावे लागतात, म्हणून डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी दिवाळीच्या सुमारास भेटा. ‘आमचा विषय मांडा’ एवढ्यावर सोडू नका. प्रश्न स्वतः लिहून न्या आणि सोबत माहिती अधिकाराचे उत्तर जोडा. प्रश्न नाही लागला तर लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) किंवा अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचना (विभागाच्या मागणीतली रक्कम कमी करा असे सुचवून विषय मांडणारी) देता येते. विरोधी आमदारांकडे जाताना संकोच करू नका, आणि सत्ताधाऱ्यांना वगळूही नका. विधान परिषदेचे सदस्यही प्रश्न विचारू शकतात, हे लोक विसरतात.

मंत्र्यांनी सभागृहात ‘तपासून निर्णय घेऊ’ म्हटले, तर तारीख टिपून ठेवा. अशा शब्दांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. आमदारांमार्फत तिच्याकडे विचारणा करा.

मर्यादा वाढली आणि 7 कोटींचा आकडा तसाच राहिला, तर रांग फक्त लांबेल. म्हणून संख्या वाढवण्याची मागणी वेगळ्या पत्राने खासदारांकडे आणि केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे पाठवा. ती राज्याच्या निवेदनात मिसळू नका, नाहीतर दोन्ही सरकारे एकमेकांकडे बोट दाखवतील.

नवा शासन निर्णय निघाला की छापून पुरवठा शाखेत घेऊन जा आणि ज्यांचे अर्ज नाकारले गेले होते, त्यांचे अर्ज त्याच आठवड्यात पुन्हा भरून घ्या.