नाशिकमध्ये सिटीबसच्या एका तिकिटात जास्तीत जास्त दूर कसे जावे

नाशिक महापालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी शहरातील बस एसटी महामंडळ चालवीत असे. नव्या सेवेने शहराच्या हद्दीत थांबून न राहता सिन्नर, ओझर, दिंडोरी, गिरणारे, भगूर आणि त्र्यंबकेश्वर अशा आसपासच्या गावांपर्यंतही फेऱ्या नेल्या. म्हणून ज्या बसला आपण कॉलेजला किंवा बाजाराला जाण्यापुरतेच वापरतो, तीच बस थोड्या पैशांत डोंगराच्या पायथ्यापर्यंत किंवा यादवकालीन मंदिराच्या गावापर्यंत नेऊन सोडते. हा प्रवास कमीत कमी खर्चात आणि जास्तीत जास्त लांब व्हावा यासाठी काय करावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

एका तिकिटात काय मिळते

तिकीट एका बसपुरते आणि एका दिशेपुरते असते, ही पहिली गोष्ट. मध्येच उतरून मागून येणाऱ्या बसमध्ये त्याच तिकिटावर चढता येत नाही, आणि दुसऱ्या मार्गाची बस धरली की दुसरे तिकीट काढावे लागते. भाडे टप्प्यांनुसार आकारले जाते. सेवा सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपये पडत. त्यानंतर दरवाढ झाली आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या मार्गाचे त्या दिवशीचे भाडे सिटीलिंकच्या मोबाइल अ‍ॅपवर पाहावे किंवा वाहकाला विचारावे. एसटीत महिलांना व ज्येष्ठ नागरिकांना मिळणाऱ्या सवलती या बसमध्येही असतीलच, असे मात्र गृहीत धरू नये. दोन्ही संस्था वेगळ्या आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत.

यातून एक निष्कर्ष निघतो, आणि या लेखाचा सगळा भर त्याच्यावरच आहे: एका तिकिटात आपण किती दूर जाऊ हे उतरण्याच्या गावाइतकेच चढण्याच्या थांब्यावर अवलंबून असते. बहुतेक जण घराजवळचा किंवा सीबीएसचा (मध्यवर्ती बसस्थानकाचा) थांबा धरतात आणि तेथून गावाबाहेर जातात. खरे तर ज्या दिशेला जायचे आहे तिच्या नेमक्या उलट टोकाला जाऊन तेथून सुटणारी थेट बस धरली, तर संपूर्ण शहर त्याच तिकिटात ओलांडता येते.

आधी दिशा ठरवावी

अंतरे सीबीएसपासून मोजू, कारण नाशिककरांच्या मनात शहराचा मध्य तोच आहे. त्र्यंबकेश्वर तेथून सुमारे २८ किलोमीटरवर आहे आणि सिन्नरही जवळपास तितकेच. दिंडोरी सुमारे २५, ओझर सुमारे २०, तर देवळाली कॅम्पमार्गे भगूर आणि गंगापूर रस्त्याने गिरणारे त्याहून थोडे अलीकडे येते. केवळ लांबी पाहायची असेल तर निवड त्र्यंबकेश्वर आणि सिन्नर यांच्यातच करावी लागते.

सिन्नरचे उदाहरण घेतले की उलट टोकाचा मुद्दा लगेच पटतो. सिन्नर नाशिकच्या दक्षिणेला, पुणे रस्त्यावर आहे. नाशिकरोड स्थानकावरून सिन्नरची बस धरली तर प्रवास वीस किलोमीटरच्या आसपासच संपतो. तोच प्रवास पंचवटीच्या बाजूने, निमाणीवरून सुटणाऱ्या बसने केला तर द्वारका, नाशिकरोड आणि बिटको चौक हा सगळा भाग त्याच तिकिटात येतो आणि अंतर दहा किलोमीटरहून अधिक वाढते. त्र्यंबकेश्वर पश्चिमेला असल्याने तेथे हिशेब उलटा आहे: सातपूरला चढणाऱ्याचा जवळजवळ सगळा शहरी भाग हातचा जातो, तर तपोवनाच्या किंवा नाशिकरोडच्या बाजूने येणारी थेट बस मिळाली तर तोच मार्ग सर्वांत लांब ठरतो. नाशिकरोड ते सीबीएस हे अंतरच नऊ-दहा किलोमीटरचे असल्याने एवढा पल्ला चाळीस किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून अ‍ॅपवर मार्ग शोधताना फक्त ‘त्र्यंबक’ असे टाकून पहिली दिसेल ती बस धरू नये. त्या गावाच्या सर्व फेऱ्या पाहाव्यात आणि ज्या फेरीचा सुरुवातीचा थांबा सर्वांत दूर आहे ती निवडावी. फलकावर दोन गावांची नावे असतात. त्यांपैकी पहिले नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी.

चढण्याच्या थांब्यावर

शक्यतो बस जेथून सुटते तेथेच चढावे. याचे कारण भाड्यापेक्षा जागा हे आहे. त्र्यंबकच्या बसमध्ये सीबीएसला आणि सातपूरला मोठी गर्दी चढते, आणि तेथून पुढे उभे राहून गेलेला तास खिडकीतून पाहिलेल्या तासासारखा नसतो. सुटण्याच्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. बसचे सध्याचे ठिकाण अ‍ॅपवर दिसते, तरी पहिल्या थांब्यावर वाहकाला ‘ही बस थेट त्र्यंबकपर्यंत जाते ना?’ असे विचारून घ्यावेच, कारण एकाच मार्गावरच्या काही फेऱ्या अलीकडच्या थांब्यावरून परत फिरतात.

तिकीट काढताना शेवटच्या थांब्याचे नाव स्पष्टपणे सांगावे आणि शक्यतो सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. सकाळच्या फेरीत पाचशेची नोट मोडून देणे वाहकाला खरोखरच अवघड जाते आणि त्याचा वेळ मागच्या सगळ्या प्रवाशांच्या वाट्याचा असतो. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवावे. तपासनीस शहराबाहेरच्या रस्त्यावरही चढू शकतात.

पैसे आणखी वाचवायचे असतील तर टप्प्यांचा विचार करावा. भाडे टप्पा ओलांडला की वाढते, थांबा ओलांडला की नव्हे. आपले गाव नव्या टप्प्याच्या सुरुवातीलाच येत असेल, तर एक थांबा अलीकडे उतरून उरलेले अर्धा-पाऊण किलोमीटर चालत गेल्यास एका टप्प्याचे पैसे वाचतात. वाहकाला ‘इथपर्यंत किती आणि पुढच्या थांब्यापर्यंत किती?’ असे दोन्ही विचारले की हे लगेच समजते. मात्र महामार्गावर, विशेषतः ओझरच्या दिशेने, असे उतरून चालू नये. तेथे वाहनांचा वेग मोठा असतो आणि पायी चालणाऱ्यासाठी कडेला फारशी जागा राहत नाही.

त्र्यंबकचा रस्ता

मला विचाराल तर एका तिकिटाचे पूर्ण मोल त्र्यंबकच्याच रस्त्यावर मिळते. एबीबी सर्कल, पपया नर्सरी आणि सातपूरची औद्योगिक वसाहत मागे पडली की बस पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा आणि महिरावणी या गावांतून पुढे जाते. येथपर्यंत शहर संपले असे म्हणवत नाही, कारण रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॉलेजे, हॉटेले आणि नव्या वसाहती आहेत. त्यानंतर डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर उघडा होतो आणि पुढचा बराच वेळ तो सोबत राहतो. म्हणून जाताना डाव्या बाजूची खिडकी धरावी. हिवाळ्यात सकाळचे ऊन याच बाजूने येते हे खरे, पण थंडीत ते हवेसेच वाटते. पावसाळ्यात श्रावणाच्या आसपास या डोंगरावरून पाण्याच्या रेषा उतरताना दिसतात आणि ढग इतके खाली येतात की वरचा सुळका दिसेनासा होतो.

अंजनेरी हे हनुमानाचे जन्मस्थान मानले जाते आणि गावाजवळ अकराव्या-बाराव्या शतकातील मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत. त्यांत जैन मंदिरेही आहेत. त्याच परिसरात १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था असून तिच्या संग्रहालयात भारतीय नाण्यांचा इतिहास क्रमाने मांडला आहे. शाळकरी मुलांना घेऊन निघालेल्या पालकांनी येथे उतरण्याचा अवश्य विचार करावा. फक्त एक लक्षात ठेवावे: येथे उतरले की हे तिकीट संपले आणि त्र्यंबकपर्यंतचे उरलेले अंतर नव्या तिकिटाचे. म्हणून ज्यांना दोन्ही ठिकाणे पाहायची आहेत त्यांनी आधी शेवटच्या थांब्यापर्यंत जावे आणि परतीला अंजनेरी ठेवावे. परतीचे तिकीट तसेही काढायचेच असते.

त्र्यंबकला उतरल्यावर मंदिर आणि कुशावर्त तीर्थ पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. सध्याचे दगडी मंदिर नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधावयास घेतले. ज्यांचे पाय साथ देतात त्यांनी ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढून गंगाद्वारापर्यंत जावे. गोदावरी जेथे उगम पावते त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर, तिच्याच काठच्या शहरातून सिटीबसने पोहोचता येते, याचे मला प्रत्येक वेळी अप्रूप वाटते.

दिवस निवडताना पंचांग पाहावे. श्रावणातील सोमवारी, आणि त्यातही तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी प्रचंड गर्दी असते. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला महाराष्ट्रभरातून दिंड्या याच रस्त्याने येतात. प्रवासासाठी प्रवास करणाऱ्याने हे दिवस यात्रेकरूंसाठी मोकळे सोडावेत. ज्यांना दिंड्यांचे दर्शन घ्यायचे आहे त्यांनी मात्र यात्रेच्या आदल्या दोन दिवसांत या मार्गावरून जावे. बस सावकाश चालते, पण टाळ-मृदंगाचा आवाज खिडकीतून आत येतो.

सिन्नर आणि इतर दिशा

सिन्नरच्या मार्गावर बिटको चौक आणि सिन्नर फाटा ओलांडल्यावर चेहेडीला दारणा नदीचा पूल लागतो, मग पळसे आणि शिंदे ही गावे, आणि त्यानंतर मोहदरीचा लहानसा घाट. या मार्गावर उजवी खिडकी धरावी. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डावीकडून येते, आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतताना सूर्य पुन्हा डाव्याच बाजूला असतो, त्यामुळे दोन्ही वेळा उजवी बाजू सावलीत राहते. सिन्नरला गोंदेश्वर मंदिर पाहावे. यादवकाळातील हे पंचायतन मंदिर एका उंच जोत्यावर उभे आहे: मध्ये शंकराचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे. सकाळी दहाच्या आत पोहोचलात तर शिखरावरच्या कोरीव कामावर तिरपे ऊन पडलेले असते आणि बारीक नक्षीही स्पष्ट दिसते.

भगूरला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मघर आहे. ओझरचा रस्ता आडगाव आणि दहावा मैल या मार्गाने सरळ महामार्गाने जातो. लढाऊ विमानांच्या कारखान्यामुळे गावाचे नाव सर्वांना माहीत आहे, पण निव्वळ पाहत जाण्यासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. दिंडोरीच्या वाटेवर म्हसरूळ सोडल्यानंतर द्राक्षबागा दिसू लागतात. गिरणाऱ्याची बस गंगापूर रस्त्याने जाते. अंतराने ती मागे पडते, पण शेतमाल घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या सोबतीने केलेला हा प्रवास अंतराच्या हिशेबात न बसणारा आहे.

परतीची तयारी

लांबच्या गावाहून शहराकडे येणाऱ्या फेऱ्या शहरातल्या फेऱ्यांइतक्या दाट नसतात आणि संध्याकाळी त्या लवकर संपतात. एकदा त्र्यंबकला मी गंगाद्वारावरून उतरताना वेळेचे भान ठेवले नाही आणि शेवटची बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: उतरतानाच वाहकाला शेवटच्या परतीच्या बसची वेळ विचारायची आणि तिच्या आधीची बस आपली मानायची. वाहकांना ही वेळ तोंडपाठ असते आणि ती सांगण्यात त्यांनी कधी कुचराई केलेली मी पाहिलेली नाही.

तरीही बस चुकलीच, तर त्र्यंबक आणि सिन्नर या दोन्ही ठिकाणी एसटीचे बसस्थानक आहे. सिन्नरला पुण्याहून नाशिककडे येणाऱ्या गाड्या रात्री उशिरापर्यंत मिळतात, त्यामुळे एकट्याने किंवा पहिल्यांदाच निघणाऱ्यांना मी आधी सिन्नर सुचवतो. एसटीचे तिकीट वेगळे काढावे लागेल, तेवढे पैसे वेगळ्या खिशात ठेवावेत. गिरणारे आणि दिंडोरीच्या बाजूला अंधार पडण्यापूर्वीच परतीची बस धरावी, आणि पाण्याची बाटली व थोडे खाणे घरूनच घ्यावे, कारण थांब्यावर उभे राहण्याचा वेळ बसमध्ये बसण्याच्या वेळेपेक्षा जास्तही होऊ शकतो.