पोर्ट ऑफ स्पेनमध्ये दोघांचा एक दिवस: निघण्याआधी काय काय बघाल

सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. पोर्ट ऑफ स्पेन ही वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादची राजधानी, आणि त्रिनिदादहून भारतात परतताना विमानतळावर तिचं पिवळं कार्ड मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. दोघांनीही प्रवासाच्या निदान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच ती टोचून घ्या. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. बॅग भरताना लष्करी छापाचं काहीही काढून ठेवा, अगदी टोपी आणि सॅकसुद्धा. सामान्य माणसाने ते वापरणं तिथे गुन्हा आहे. जून ते डिसेंबर पावसाळा, तेव्हा एक छत्री पुरे. मंगळसूत्र आणि सोनं मुक्कामावरच कुलपात राहू द्या. शहरात गुन्हेगारी आहे, हे मी लपवणार नाही. म्हणूनच दिवस कामाचा निवडा. रविवारी डाउनटाउनची बहुतेक दुकानं बंद असतात आणि ओस रस्त्यांवर फिरण्यात मजा नाही. अंधार पडायच्या आत तिथून बाहेर पडायचं, हे दोघांनी आधीच ठरवून टाका.

खिशात त्रिनिदादचे डॉलर हवेत, तेही सुट्ट्या नोटांत, कारण सकाळी पोट रिकामं ठेवून निघायचं आहे ते डबल्ससाठी. हळदीने पिवळसर झालेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (तिथे त्यांना ‘बारा’ म्हणतात), त्यांवर रसदार छोले, काकडी, चिंच, कागदात गुंडाळून हातात. विक्रेता तिखटाचं विचारेल तेव्हा ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडं, म्हणा. आपण कोल्हापुरी असलो तरी पहिल्यांदा स्लाइटच. तिथली मिरची वेगळ्याच जातीची आहे. उभ्यानेच खायचं, रस कोपरापर्यंत ओघळतो, म्हणून रुमाल दोन घ्या. ३० मे १८४५ ला फतेल रझाक जहाजातून पहिले भारतीय मजूर या बेटावर उतरले. त्यांच्या लेकरा-नातवंडांनी वाढवलेली चव आहे ही. आम्ही दोघं दुसरा डबल्स हातात घेऊन बराच वेळ काही बोललोच नाही.

दुकानात शिरताना, मॅक्सी टॅक्सीत (सगळ्यांनी मिळून वापरायच्या छोट्या बसमध्ये) चढताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची सवय लावून घ्या, न म्हणणं उद्धटपणा समजतात. इंडिपेंडन्स स्क्वेअरमधला ब्रायन लारा प्रॉमिनाड, तिथून फ्रेडरिक स्ट्रीटने वर वुडफर्ड स्क्वेअर, समोर संसदेचं लाल ‘रेड हाउस’. जुनी इमारत १९०३ च्या पाणीपट्टीवरच्या दंगलीत जळाली, आत्ताची १९०७ ची. चौकातल्या बाकावर बसा. देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स इथेच लोकांना इतिहास आणि राजकारण शिकवायचे. शेजारचं ट्रिनिटी कॅथीड्रल उघडं असेल तर आत जाऊन लाकडी छताकडे मान वर करून बघा.

दुपारच्या उन्हात चालत सव्हानापर्यंत, म्हणजे क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मोकळ्या मैदानापर्यंत, जायचा हट्ट नको, टॅक्सी करा. मैदानाच्या पश्चिमेला सात जुन्या वास्तू ओळीने उभ्या आहेत, कडेला नारळपाणी मिळतं.

एक जागा मात्र मराठी माणसाने चुकवू नये, ती क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान. डाउनटाउनपासून थोडी पश्चिमेला आहे. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते इथे. दिलीप सरदेसाईंचं शतक, पदार्पण करणाऱ्या गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७ धावा, आणि त्याच मालिकेच्या शेवटच्या कसोटीत पुन्हा इथेच १२४ आणि २२०. मैदान क्लबच्या मालकीचं आहे, त्यामुळे आत सोडतील का हे गेटवर नीट विचारा. घरी १९७१ ची कॉमेंट्री रेडिओवर ऐकलेलं कुणी असेल तर फोन पूर्ण चार्ज ठेवा. संध्याकाळी पाचला तिथे उभे असाल तेव्हा भारतात रात्रीचे अडीच वाजलेले असतात, म्हणून ओव्हल सकाळी अकराच्या आत उरका आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावा. माझे बाबा स्क्रीनवर ते गवत बघत बसले, मग हळूच म्हणाले, ‘जरा डावीकडे फिरव, पॅव्हेलियन दाखव.’