फोर बाय फोरमधला आवाज असा कमी केला

ताशी 80 च्या पुढे गेलं की माझ्या हार्डटॉप (कडक छताच्या) फोर बाय फोरमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. आधी आवाज येतो कुठून ते शोधलं. दारांच्या फटी आणि छताचा सांधा मास्किंग टेपने बंद करून गाडी पळवली, मग एकेक टेप काढत गेलो. शिट्टी पुढच्या दारांच्या वरच्या कोपऱ्यातून येत होती. तिथे कागदाची पट्टी धरून दार लावलं, तर ती अलगद ओढून निघाली, म्हणजे रबर तिथे घट्ट दाबलं जात नव्हतं. रबरी बीडिंग बदललं, दाराचा स्ट्रायकर (चौकटीवरचा, कुलूप ज्यात अडकतं तो खुंटा) जरा आत घेतला. छतावरच्या कॅरियरच्या आडव्या दांड्यांवर दोरी मळसूत्रासारखी गुंडाळली. वाऱ्याचे भोवरे एका लयीत सुटत नाहीत, म्हणून गुणगुण थांबते.

घरघर मात्र टायरांची. मड टेरेन (चिखलासाठीचे, मोठ्या खाचांचे) काढून ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचे) घातले, सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. नंतर मॅट उचलून फ्लोअरवर आणि चाकांच्या कमानींवर ब्यूटाईल शीट (पत्र्याची थरथर शोषणाऱ्या जड रबरी शीट) चिकटवल्या. सगळा पत्रा झाकावा लागत नाही, थरथरणारा मधला भाग पुरतो. वरून क्लोज्ड-सेल फोम, म्हणजे बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा. साधा स्पंज नकोच. कोकणातल्या पावसात तो पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा गंजतो. दारांच्या तळाची पाणी निघायची भोकंही कृपया बुजवू नका.