मे महिन्यात पोरांना घेऊन ग्वाल्हेरचा किल्ला चढताना

सुट्टीत पाहुणे आले की किल्ला दाखवायचाच असतो, पण मे मध्ये इथे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा गुजरी महालाकडून पायी चढायचं तर सकाळी लवकर निघा आणि ऊन चढायच्या आत खाली या. आजी-आजोबांना सरळ गाडीने उरवाई गेटकडून न्या. मुलांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि खेळाच्या नादात ती पाणी मागतच नाहीत, म्हणून दर १५-२० मिनिटांनी साखर-मिठाच्या पाण्याचे दोन-चार घोट पाजत राहा, प्रमाण १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर नि अर्धा छोटा चमचा मीठ. कोणी असंबद्ध बडबडायला लागलं, झोकांड्या जायला लागल्या तर उष्माघातच समजा, लगेच १०८ लावा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका!