जपानमध्ये नोकरी बदलताना: राजीनाम्याच्या आधी आणि नंतर

राजीनामा लिहायच्या आधी झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र) काढून व्हिसाचा प्रकार बघा. आयटीतल्या बहुतेकांकडे असतो तो इंजिनिअर गटातला व्हिसा असेल आणि नवं कामही त्याच स्वरूपाचं असेल, तर मुदत संपेपर्यंत व्हिसा बदलावा लागत नाही. उच्च कुशल व्यावसायिक व्हिसाचा पहिला प्रकार (१ गो) मात्र ठरावीक कंपनीशी बांधलेला असतो. नवी परवानगी हातात पडेपर्यंत नव्या ठिकाणी रुजू होता येत नाही. तोकुतेई गिनो, म्हणजे विशिष्ट कौशल्याचा व्हिसा असलेल्यांनाही हेच लागू. जुनी नोकरी सोडून बसायचं आणि परवानगीची वाट पाहायची, अशी वेळ कृपया स्वतःवर आणू नका.

तोंडी ऑफरवर विसंबू नका. रोदो जोकेन त्सुचिशो, म्हणजे कामाच्या अटींचा कागद, मागून घ्या. पगाराच्या रकान्यात मूळ पगार किती आणि त्यात किती तासांचा ओव्हरटाइम आधीच धरलाय, हे वेगवेगळं वाचा. पुढे बदली कुठे होऊ शकते, हेही एप्रिल २०२४ पासून त्यात लिहावं लागतं.

कायम नोकरीत कायद्याने २ आठवड्यांची सूचना पुरते. कंपनीच्या नियमात बहुधा महिनाभर लिहिलेला असतो; जमत असेल तर तो पाळा, कामं सोपवायला आणि उरलेल्या रजा घ्यायला वेळ मिळतो. मुदतीच्या कराराचे नियम वेगळे आहेत. बोनसच्या दिवशी नोकरीत असणं ही अट बऱ्याच ठिकाणी असते, म्हणून तारीख त्यानंतरची ठरवा. साहेब थांबवायचा प्रयत्न करतीलच. नम्रपणे, पण तारखेसकट लेखी द्या.

नोकरी सुटल्यावर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवा, नवी लागल्यावर पुन्हा १४ दिवसांत. दोन्ही ऑनलाइन होतं. सबळ कारणाशिवाय ३ महिने काम नसेल तर व्हिसा रद्द होऊ शकतो. मध्ये खंड पडत असेल तर वॉर्ड ऑफिसात राष्ट्रीय आरोग्य विमा आणि पेन्शनची नोंद १४ दिवसांत करा. जुन्या कंपनीचाच विमा चालू ठेवायचा असेल, तर अर्ज २० दिवसांत गेला पाहिजे.

जुन्या कंपनीकडून गेन्सेन चोशूह्यो, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, नक्की घ्या, डिसेंबरच्या कर-समायोजनाला नवी कंपनी तो मागते. आणि जानेवारी ते मे दरम्यान सोडत असाल तर मेपर्यंतचा उरलेला रहिवासी कर शेवटच्या पगारातून एकदम कापला जातो. तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा.