तुमची वेबसाइट एआयला कळते का, घरबसल्या बघा

चॅटजीपीटी, जेमिनी आणि पर्प्लेक्सिटीला गिऱ्हाईक विचारेल तसंच विचारा, तेही मराठीत: ‘मालवणात घरगुती जेवण मिळणारा होमस्टे कुठला?’ मग तुमच्या होमस्टेचं नाव घेऊन विचारा, भाडं किती, चेक-इन कितीला. उत्तराइतकीच त्याखालची लिंकही बघा. माहिती बरोबर, पण लिंक बुकिंगवाल्यांची असेल, तर तुमची साइट बहुधा वाचलीच गेलेली नाही.

आता खरी तपासणी. संगणकावर क्रोममध्ये तुमचं पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा. समोर जो कोड येईल, त्यात कंट्रोल-एफने तुमचं भाडं शोधा. ओळखीच्या एका होमस्टेचे ‘2500’ तिथे सापडेचनात. अख्खं दरपत्रक जेपीजी चित्रात होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात तसलं. माणसाला ते छान दिसतं, बॉटच्या, म्हणजे एआयसाठी साइट वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती मात्र नुसतं फाइलचं नाव लागतं. जावास्क्रिप्टने, म्हणजे पान उघडल्यावर चालणाऱ्या कोडने, मागाहून उमटणाऱ्या मजकुराचंही तेच, कारण बरेच एआय बॉट जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत. दर, पत्ता, वेळा साध्या अक्षरांत टाइप करून टाका. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

शेवटी साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ टाका; कुठल्या बॉटने साइट वाचायची आणि कुठल्या नाही, हे या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ओएआय-सर्चबॉट (चॅटजीपीटीच्या शोधाचा बॉट) किंवा पर्प्लेक्सिटीबॉटच्या नावाखाली ‘डिसअलाउ’ आणि नुसती तिरकी रेघ दिसली, तर त्यांना दार बंद आहे. साइट करून देणाऱ्याला ते आजच उघडायला सांगा. चॅटजीपीटीवाल्यांचाच जीपीटीबॉट बंद असला तर राहू द्या, तो मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर नेतो, शोधासाठी नाही.