कोकणात गाडी स्टार्ट होत नाहीये? मेकॅनिकला बोलवायच्या आधी एवढं बघून घ्या

गावात गाडी बंद पडली की मोठी अडचण असते ती अंतराची. गॅरेज लांज्याला नाहीतर कणकवलीला आणि गाडी कुठल्यातरी वाडीत आत, मेकॅनिक पोचणार दुपारनंतर, आणि तो आला की म्हणणार अरे हे सांगितलं असतं तर येताना बॅटरी घेऊनच आलो असतो. म्हणून आधी नेमकं काय होतंय ते ओळखायचं. त्याला मेकॅनिक असायची गरज नाही, कान आणि एक १० नंबरचा पाना पुरतो.

आधी सोप्या गोष्टी. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एन मध्ये आहे का? मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण तळापर्यंत दाबा, बऱ्याच नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फ (म्हणजे स्टार्टर) मारूच देत नाहीत. चावी फिरतच नसेल तर स्टिअरिंग लॉक झालंय, स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवा. बटन स्टार्टची गाडी चावी ओळखत नसेल तर चावीतला सेल गेलेला असू शकतो, चावी बटनाला टेकवून ब्रेक दाबून (मॅन्युअल असेल तर क्लच दाबून) स्टार्ट करून बघा, बहुतेक कंपन्यांनी ही सोय ठेवलेली असते, काही गाड्यांत चावी टेकवायची जागा वेगळी असते.

आता आवाज ऐका

रेडिओ, एसी, पंखा सगळं बंद करा, हेडलाईट चालू करा, लाईट मंद होतात का ते बघायला कोणालातरी समोर, जरा बाजूला उभं करा आणि सेल्फ मारा.

डॅशबोर्डवर अंधार, कसलाच आवाज नाही – बॅटरी पूर्ण उतरलीय किंवा टर्मिनल (बॅटरीला वायर जोडायची जागा) सुटलंय.

कट-कट-कट-कट असा भराभर आवाज आणि लाईट मंद – बॅटरीत जोर नाही किंवा टर्मिनलला नीट कनेक्शन नाही.

एकच टक्क आणि पुढे शांतता, लाईट मात्र झकास – सेल्फची स्टार्टर मोटर किंवा तिच्या सोलेनॉइडवर (मोटरला करंट सोडणारा स्विच) संशय घ्या, अर्थिंग म्हणजे बॉडीला जाणारी काळी वायर खराब असेल तरी असंच होतं.

आवाजच नाही पण लाईट जराही मंद होत नाही – इग्निशन (चावीचा) स्विच, रिले (करंटने चालणारा छोटा स्विच), फ्यूज नाहीतर क्लचचा स्विच, इथे गाडीचा वायरमनच लागेल.

सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही – बॅटरीला हात लावू नका, ती बरी आहे, भानगड पेट्रोल-डिझेलची, स्पार्कची किंवा इमोबिलायझरची (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) आहे.

या पाचातलं कुठलं ते कळलं की निम्मं काम झालं, फोनवर मेकॅनिकला हेच सांगा.

टर्मिनल, टर्मिनल आणि परत टर्मिनल

आपल्याकडे हे सगळ्यात आधी बघायचं, आणि नवी बॅटरी घ्यायच्या आधी तर नक्कीच. हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ला, किनाऱ्याला कुठेही जा, खारं वारं धातू खातं आणि वर चार महिन्यांचा पाऊस. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमते, क्लॅम्प वरून घट्ट वाटतो पण आत करंट जायला जागाच उरत नाही. लाईट लागायला थोडा करंट पुरतो म्हणून लाईट लागतात, पण सेल्फला एकदम शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतो, तिथे सगळं बसतं. मग लोक म्हणतात लाईट तर लागतायत मग बॅटरी कशी गेली, आणि चांगली बॅटरी बदलून मोकळे होतात.

साफ करायची पद्धत अशी, गाडी बंद, चावी काढलेली. आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर काढा, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, फसफसून भुकटी निघते, बॅटरीच्या झाकणातून हे पाणी आत जाऊ द्यायचं नाही आणि ती भुकटी डोळ्यात जाऊ द्यायची नाही, ॲसिड असतं. साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरने दोन्हीकडचा धातू चकचकीत करा. बसवताना आधी लाल, शेवटी काळी. घट्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा.

एवढ्यावर थांबू नका, काळी वायर दुसऱ्या टोकाला बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे बोल्टने बसवलेली असते ते टोकही बघा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत गंज तिथेच लपलेला असतो आणि तिकडे कोणी बघत नाही.

मल्टिमीटर असेल तर अजून चांगलं. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. बॅटरी चार्ज असूनही सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी म्हातारी झालीय. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं, १२ वरच अडकलं असेल तर आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) चार्ज करत नाहीये, नवी बॅटरी टाकलीत तरी तीही उतरणार.

जंप स्टार्ट आणि धक्का

दुसरी गाडी १२ व्होल्टचीच हवी. चिऱ्याचा डंपर किंवा मोठा ट्रक मदतीला थांबला तरी त्याची सिस्टीम २४ व्होल्टची असते, त्याला जोडलं तर तुमच्या गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जळेल. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलट.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअलला, चावी ऑन, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडायचा. बॅटरी ठार मेलेली असेल तर इंधनाचा पंप आणि गाडीतला कॉम्प्युटरच चालत नाही, मग धक्क्याचा उपयोग नाही. आणि कृपा करून घाटाच्या उतारावर गाडी सोडून स्टार्ट करायला जाऊ नका, इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड.

सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर चांगला स्टार्टरही जळतो.

पेट्रोल गाडी असेल तर चावी ऑन करून मागच्या सीटजवळ कान द्या, दोन सेकंद पंपाची घरघर यायला हवी, नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. सीएनजी वाल्यांनी हे खास बघा, बऱ्याच सीएनजी गाड्या स्टार्ट पेट्रोलवरच होतात, पेट्रोलची टाकी कोरडी ठेवून फिरलं की सिलिंडर भरलेला असूनही गाडी उभी राहते आणि पंपही खराब होतो. पेट्रोलचा जास्त वास येत असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा.

डिझेलला आपल्याकडे एअर लागणं (इंधनाच्या पाइपात हवा शिरणं) किंवा फिल्टरमध्ये पाणी जमणं जास्त, हवा काढायला फिल्टरवर हाताने दाबायचा हँडपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा.

पुराचं पाणी लागलेली गाडी

२२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी घुसलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी दाराच्या खालच्या कडेच्या वर गेलं असेल तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवायचीच नाही, चालू होते का बघू असंही नाही. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साफसफाईचं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं. काळी वायर काढा आणि गाडी टो करून न्या.

गणपतीला आणलेली गाडी शिमग्यापर्यंत उभी

घरी नुसती उभी राहणारी गाडी असेल तर सेल्फ मारायच्या आधी बोनेट उघडा. उंदीर काथ्या, कागद आणून इंजिनवर घरटं करतात आणि वायरी कुरतडतात, उघडी वायर आणि सुका काथ्या म्हणजे आग लागायला वेळ नाही. घरटं पूर्ण काढा, वायरीचं इन्सुलेशन गेलेलं दिसलं तर चावी न लावता वायरमनला बोलवा. आणि मुंबईला परत जाताना बॅटरीची काळी वायर काढून ठेवून जा, फक्त त्याआधी चावीने दार हाताने उघडतंय ना ते तपासा, कारण बॅटरी सुटली की रिमोट चालत नाही.